तात्यांची दहा पावलं

"तात्या, चालताना तुमचा उजवा हात का हो हलत नाही?"

बापाला प्रश्न विचारून कुमुदनं चोरट्या नजरेनं कुंपणाकडे पाहिलं. तिथं मोगली एरंडाच्या पानांआड तिच्या मैत्रिणी, अनुसूया आणि तुळशी, दबा धरून बसल्या होत्या. पैजच तशी लागली होती. प्रश्न खणखणीत विचारायचा, कुंपणापर्यंत ऐकू यायला हवा आणि विचारताना हसायचं नाही. हरली तर आठ दिवस दोघींची दप्तरं शाळेपर्यंत वाहायची.

पैजेचं मूळ एका खेळात होतं. शाळा सुटली की तिघी किहीमच्या किनाऱ्यानं घरी यायच्या. ओहोटीची ओली वाळू पायाखाली घट्ट लागायची आणि वाटेत कुणी मोठं माणूस भेटत नसे. मग एकीनं कुणाची तरी चाल करून दाखवायची आणि बाकीच्यांनी ओळखायचं. अनुसूया यात महाबिलंदर. टपाल वाटणारा भिकू तिनं नुसत्या टाचांच्या चालीवरून ओळखायला लावला होता. त्या दिवशी ती थोडी पुढं वाकली, उजवा हात कोपरात मुडपून पोटाशी धरला, अंगठा बोटावर घोळवत घोळवत बारीक बारीक पावलं टाकू लागली. तुळशी हसून हसून वाळूत बसली. कुमुदला मात्र ओळखता येईना.

"हरले बाई. कोण?"

"अगं, तुझे तात्या!"

कुमुद क्षणभर गोरीमोरी झाली. साऱ्या गावाची चाल ओळखणारी ती, तिला घरातलं माणूस ओळखता येऊ नये? "खरंच चालतात का गं असे?" "रोज चालतात. विचार की त्यांना, हात का हलत नाही म्हणून." "विचारीन! भिते की काय!"

आणि ती खरोखरच भीत नव्हती. हे वर्षच तिचं होतं. गेल्या वर्षापर्यंत पाहुणे आले की आईच्या पदराआड उभी राहणारी पोर. पण दिवाळीनंतर अलिबागला वक्तृत्वाच्या स्पर्धेत उभी राहिली, आधी दोन वाक्यं चाचरली, मग जीभ सुटली ती सुटलीच. पहिलं बक्षीस घेऊन आली. तेव्हापासून तिला वाटायचं, जगात असा प्रश्नच नाही जो उभं राहून विचारता येत नाही.

तात्यांनी चहाची कपबशी डाव्या हातानं खाली ठेवली. मग मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहिलं, जसा काही तो दुसऱ्या कुणी तिथं विसरून ठेवला होता. अंगठा बोटावर फिरतच होता.

"हलतो की," ते हळूच म्हणाले.

स्वयंपाकघरातून आई कडाडली, "कुमुद! अगं, जप चालू असतो त्यांचा. कुणाला काय विचारावं याचं भान आहे का?"

कुंपणाआड खसखस पिकली. कुमुद पैज जिंकली. पण तात्यांनी हात धोतराच्या सोग्याखाली सरकवला तो तिनं पाहिला, आणि जिंकल्याचा आनंद काही नीट झाला नाही.

तात्यांच्या जपाची गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. दोन-अडीच वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं की त्यांचा अंगठा सारखा बोटावर फिरतो, माळ ओढल्यासारखा. मग बोलणंही हळू आणि मऊ झालं. चेहरा कसा शांत, राग नाही, लोभ नाही, पापणीसुद्धा लवकर लवत नाही. देवळातले गुरव म्हणाले, तात्यांना आता वरची ओढ लागली. झालं. बायका वाटेत थांबून नमस्कार करायला लागल्या. कुमुदच्या आईनं, वेणूबाईंनी, आधी हसण्यावारी नेलं आणि मग त्यांनाही ते आवडू लागलं. पूर्वी हाच माणूस ताटात मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घ्यायचा.

त्याआधी तात्यांचं नाव होतं ते त्यांच्या पावलासाठी. थळपासून मांडव्यापर्यंत कुणाला माडांची नवी वाडी लावायची असली की बोलावणं तात्यांना. माडाला माड लागू द्यायचा नाही, दोन माडांत पंचवीस फूट हवेत, हे सगळ्यांना ठाऊक. पण फूटपट्टी घेऊन कोण बसतो? तात्या सुतळीनं ओळ सरळ धरायचे आणि ओळीवरून चालायचे. दहा पावलं, टाच दाबून खूण. दहा पावलं, खूण. मागून गडी खड्डे घेत यायचे. दहा पावलांचे पंचवीस फूट म्हणजे पंचवीस फूट, चार बोटं इकडं की तिकडं. एकदा एका ओव्हरसियरनं पैजेवर मोजणीची साखळी टाकून पाहिलं आणि निमूट विडी पेटवली, असं शेजारचा वाडीवाला भागोजी अजून सांगायचा. सकाळी सुरू केलं की दिवस कलेपर्यंत एकच पाऊल. तोंडात सुपारी आणि डोळे पुढच्या खुंटीवर.

प्रश्न विचारला त्या दिवसापासून कुमुद बापाला बघू लागली. आणि एकदा बघायला लागल्यावर न दिसण्यासारखं काही उरेना. दारात वळायला पूर्वी एक गिरकी पुरायची, आता जागच्या जागी सात-आठ पावलं टाकत वळत. खाटेवरून उठताना दोनदा झोके घेत. एका सकाळी फाटकाशी ते थांबले ते थांबलेच. तिला वाटलं, कुणाची वाट बघताहेत. जवळ गेली तर तात्या आपल्या पायांकडे पाहत होते.

"काय झालं, तात्या?"

"काही नाही. निघत नाहीयेत."

ती हसणार होती. हसली नाही. पुढं वाटेत पाण्याचा पाट आडवा जात होता, तिथवर ती त्यांना दंडाला धरून घेऊन गेली. आणि गंमत म्हणजे पाट ओलांडताना त्यांनी तरण्या माणसासारखी ढांग टाकली. पलीकडं गेल्यावर पुन्हा तीच बारीक पावलं.

"आपण अलिबागला डॉक्टरांकडे जाऊ या," तिनं त्याच दिवशी जाहीर केलं. आई नको नको म्हणत होती. "धडधाकट माणसाला डॉक्टर कशाला?" कुमुदनं वक्तृत्वात मांडतात तसे मुद्दे मांडले, एक, दोन, तीन. पण सगळे मुद्दे वाया गेले, कारण तात्या मधेच म्हणाले, "जाऊ." एवढ्या लवकर ते कबूल झाले याचीच तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवण यायची.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी नाडी पाहिली, मनगट हलवून पाहिलं. ते दातेरी चाकासारखं अडत अडत हलत होतं. मग म्हणाले, "चाला बघू, त्या खिडकीपर्यंत." फरशीवर चौकोनी लाद्या होत्या. तात्या चालले आणि डॉक्टर लाद्या मोजत राहिले. जाताना मोजल्या, येताना मोजल्या, कागदावर लिहिलं.

"पाऊल दीड फुटाला थोडं वर. पूर्वी किती पडायचं, काही सांगता येईल?"

"अडीच फूट!" कुमुद चटकन बोलली. "बरोबर अडीच."

डॉक्टरांना हसू आलं. "इतकं नेमकं?"

तिनं माडांचं सांगितलं, उत्साहानं, हातवारे करून. डॉक्टर ऐकत राहिले आणि त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"वय झालं की पाऊल सगळ्यांचंच आखडतं, मुली. माझंही आखडलंय. पण ते दोन्ही अंगांनी सारखं, आणि फार सावकाश. तुझ्या वडलांचं वय काय, पंचावन्न? यांचं एका अंगानं सुरू झालंय. हा कंपवात." मग ते तात्यांकडे वळले. "गोळ्या देतो. हाताला थोडा आराम पडेल. बरं होईल असं मी म्हणणार नाही. केव्हापासून पाऊल कमी झालं, ते कळलं असतं तर किती वेगानं पुढं जातंय याचा अंदाज आला असता. केव्हापासून?"

तात्यांनी आईकडं पाहिलं. आईनं कुमुदकडं. तिघांनाही ठाऊक नव्हतं. एका घरात, एका छपराखाली, आणि कुणालाच ठाऊक नव्हतं.

येताना एसटीत आई खिडकीकडं तोंड करून बसली होती. एकदाच म्हणाली, "मग जप नव्हताच का तो?" कुमुद पलीकडच्या खिडकीतून बघत होती आणि बाहेर माड मागं पळत होते, एका ओळीत, सारख्या अंतरानं. चोंढीच्या पुढं कुठंतरी तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. केव्हापासून ते कुणाला ठाऊक नाही कसं? माडांना ठाऊक आहे! तात्यांनी दर दोन-तीन वर्षांनी कुठं ना कुठं वाडी लावलीय. वाडीचं साल मालकाला पाठ असतं. आणि प्रत्येक दोन माडांत तात्यांची त्या साली पडलेली दहा पावलं जशीच्या तशी उभी आहेत!

तिला एवढा आनंद झाला की एसटीतच टाळी वाजवावीशी वाटली. पुढं तिला त्या आनंदाची लाज वाटली. पण त्या दिवशी तो झाला हे खरं.

परीक्षा संपली, मे महिन्याची सुट्टी लागली. कुमुदनं काथ्याची लांब दोरी घेतली, फुटाफुटावर लाल चिंधी बांधली, अनुसूयाला दुसरं टोक धरायला लावलं आणि दोघी निघाल्या. लोक विचारत, "काय गं पोरींनो, जमीन विकत घेताय काय?" "शाळेचा प्रयोग आहे," कुमुद ठोकून द्यायची.

पहिली घरची वाडी. एकोणपन्नास साली लावलेली. पंचवीस फूट. पंचवीस. पंचवीसला तीन बोटं कमी. पंचवीस. "अगो बाई," अनुसूया म्हणाली, "माणूस होते की यंत्र?"

"होते काय म्हणतेस? आहेत."

"तसं नाही गं."

मग भागोजीची, त्रेपन्न सालची. तीही पंचवीस, फार तर दोन इंच उणी. मग थळच्या रस्त्याला एक पंचावन्नची होती, तिथं चोवीस भरले, काही ठिकाणी साडेतेवीस. कुमुदनं घरी येऊन वहीच्या आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले. खाली साल, उभं अंतर. बीजगणिताच्या तासाला काढतो तसाच आलेख. दोन ठिपक्यांपर्यंत रेघ आडवी, तिसऱ्याला खाली वळलेली. म्हणजे पंचावन्न! डॉक्टरांना आता सांगता येईल. चार वर्षं झाली होती. ती नाचायचीच बाकी होती.

राहिली धर्माजीची वाडी, सत्तावन्न सालची.

धर्माजी कोळीवाड्यातला. तीस वर्षं होडीवर काढली, धाकटा भाऊ दर्यानं नेला, तेव्हा त्यानं आईपुढं शपथ घेतली होती की आपली पोरं दर्यावर जाणार नाहीत. पै पै करून वाडीपुरती जमीन घेतली आणि लावायला तात्यांना बोलावलं. त्याची बायको गोदूबाई तर तात्यांना देवच मानायची.

दोघी गेल्या तेव्हा धर्माजी कुंपण बांधत होता. दोन वर्षांची रोपं गुडघ्याच्या वर येऊन झावळ्या पसरत होती, ओळी सुतासारख्या सरळ.

"मोजा, मोजा!" तो खूष होऊन म्हणाला. "तुज्या बापाच्या हाताला देव हाय, कुमुद. माज्या हिशेबानं या जागेत ऐंशी माड बसायचं. तात्यांनी शंबर बसवलं! शंबर! वीस माड वरनं आलं न्हवं. रोपं कमी पडली, परत आणाया धावलो मी."

कुमुदच्या हातातली दोरी थांबली.

पहिली ओळ साडेबावीस भरली. तिसरी साडेएकवीस. सहावी वीस. शेवटच्या ओळीत, जिथं तात्या संध्याकाळी पोचले असणार, दमलेले, तिथं एकोणीस. एका ठिकाणी अठरा. एका दिवसाचं चालणं तिथं जमिनीत रोवलेलं होतं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत आखडत गेलेलं. ओळी सरळ, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं.

"मग काय झालं?" परतताना अनुसूया म्हणाली. "माड जवळ जवळ आहेत तर गप्पा मारतील."

"गप्प बस, अनू."

वाडीवाल्याची पोर होती ती. दहा वर्षांनी झावळीत झावळी अडकेल, खाली ऊन पडायचं नाही, माड उजेडासाठी नुसते उंच आणि बारीक होत जातील आणि नारळ धरायच्या वेळी धरायचे नाहीत. वीस माड फुकट वरून मिळाले नव्हते. शंभराच्या शंभर पणाला लागले होते. आणि धर्माजीची पोरं तोवर जाणती झाली असती, होडीवर जायच्या वयाची.

त्या संध्याकाळी चौथा ठिपका तिनं मांडला. रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली. तिनं कागदाची घडी घातली. मग आईला जाऊन सगळं सांगितलं.

आई तांदूळ निवडत होती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. सूप बाजूला ठेवलं.

"अनूला कळलंय हे?"

"आकडे कळलेत. अर्थ नाही कळला."

"मग कुणाला सांगू नकोस."

"आई, अगं झाडं अजून लहान आहेत! यंदा उचलता येतील..."

"तुला काय गं," आईचा आवाज एकदम फुटला. "तू आज ना उद्या लग्न होऊन जाशील. मला याच गावात राहायचंय, याच विहिरीवर पाणी भरायचंय. दोन वर्षं मी ज्यांचे नमस्कार घेतले, त्यांच्यासमोर काय म्हणून उभी राहू? यांची अब्रू गेली तर उरलं काय आता त्यांच्याजवळ? पाय गेले, हात चाललाय." तिनं सूप पुन्हा ओढलं. पण खडे निवडायचे सोडून ती तांदूळच इकडचे तिकडं करत राहिली.

दोन दिवसांनी धर्माजीच दारात आला. तात्यांना वाकून नमस्कार केला. "तात्या, खालचा तुकडा ऱ्हायलाय न्हवं अजून. मिरग लागायच्या आत तुमची पावलं पडूं द्या. रोपं सांगून ठेवलीत. अवंदा जास्तीचीच सांगितलीत," तो डोळे मिचकावून हसला, "न्हाईतर पुन्ना कमी पडायची."

"येईन," तात्या म्हणाले.

कुमुद दाराआड उभी होती. तिनं आईकडं पाहिलं, आईनं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या खाटेवर नव्हते. ती शोधत वाडीत गेली. ते पाटाशी होते. पाट ओलांडत होते, वळत होते, पुन्हा ओलांडत होते. तिला पाहून थांबले.

"बघ, इथं पडतं बरोबर," ते म्हणाले. "पुढं रेघ दिसली की पडतं."

त्यांना कुठंतरी ठाऊक होतं तर. ती पाटाच्या कडेला बसली.

"जप नाही गं तो," तात्या आपणहून बोलले. "मला पहिल्यापासून ठाऊक होतं. बोट थांबवायला जायचो, थांबायचं नाही. मग लोक म्हणाले जप. म्हटलं, असू दे. बरं वाटलं." बोलण्यालाही आता त्यांना दम लागे. "तू दोरी घेऊन हिंडतेस ते भागोजी सांगत होता. किती भरलं धर्माजीकडं?"

तिला खोटं बोलायचं होतं. "शेवटच्या ओळीत एकोणीस."

"दोरी ओली असेल. काथ्या ओला झाला की आखडतो."

"कोरडी होती, तात्या."

तात्या वळले, सात-आठ पावलांत. घरच्या वाडीतल्या पहिल्या ओळीशी गेले. पहिल्या माडाला पाठ लावून उभे राहिले. हा माड त्यांनी स्वतः लावलेला, इथून पुढच्या माडापर्यंतची जमीन त्यांच्या पायांना घरातल्या उंबऱ्याइतकी पाठ. डोळे पुढच्या बुंध्यावर ठेवून ते चालू लागले, मोठ्यानं मोजत, जसे पूर्वी मोजायचे. "एक. दोन. तीन." आवाज पुटपुटण्यासारखा येत होता. "आठ. नऊ. दहा."

दहा म्हणताना त्यांनी सवयीनं डावा हात पुढं केला, बुंध्यावर थाप मारायला. हात हवेत राहिला. माड अजून सहा हात लांब होता, तात्या तसेच हात पुढं करून उभे. कुमुदला वाटलं, त्यांनी आणखी पावलं टाकावीत, जाऊन पोचावं तरी. ते पोचले नाहीत. हात खाली घेतला आणि तिथंच पालापाचोळ्यात हळूहळू बसले.

"तेव्हा मला वाटलं होतं," ते म्हणाले, "की खुणा जास्त पडताहेत. शेवटच्या ओळीला वाटलं. दोरी मागावी असं मनात आलं. पण गोदूबाई पाया पडायला आली होती ना मधे." मग अगदी वाडीवाल्याच्या आवाजात, नेहमीच्या, "शेवटच्या तीन ओळी पूर्ण उचलाव्या लागतील. वरच्या ओळींतली थोडी काढून बाकीची सरकवावी लागतील. मातीच्या गड्ड्यासकट काढली तर निम्मी जगतील. यंदाच. पुढच्या साली मूळ सोडायचं नाही."

"मग सांगू या त्यांना."

"मी सांगेन," तात्या म्हणाले. "माझं मी सांगेन."

त्याला सतरा दिवस झाले. पहिल्या दिवशी तात्यांनी टोपी घातली, फाटकापर्यंत गेले आणि परत आले. "धर्माजी होडीवर असेल." चौथ्या दिवशी पुन्हा गेले, फाटकाशी उभे राहिले. पाय अडले होते की मन, कुमुदला कळेना, ती पुढं होऊन दंड धरणार तोच ते म्हणाले, "आज राहू दे." मग टोपी खुंटीवरून निघालीच नाही. धर्माजी मात्र रोज रस्त्यानं जायचा आणि रोज हाक मारायचा, "तात्या, कवा?" आणि तात्या हात वर करायचे. खालच्या तुकड्यासाठी नाही म्हणायचं हे घरात ठरलं होतं. गुडघे दुखतात असा निरोप शेवटी भागोजीबरोबर गेला. वरच्या शंभर माडांविषयी कुणी बोलत नव्हतं. ताटावर बसताना नाही, दिवा लावताना नाही. गोळ्यांनी हात जरा कमी थरथरायचा, तोंड मात्र सुकायचं. पाऊल कुमुद अजूनही दर रविवारी मोजायची, अंगणात, राख पसरून. दर रविवारी ते तेवढंच असावं असं ती मनात घोकायची. एकदा बोटभर वाढलं तेव्हा तिनं ते वहीत दोनदा लिहिलं. पुढच्या रविवारी ते गेलं.

अनुसूयानं चालीचा खेळ पुन्हा सुरू करायचा म्हटला. कुमुदला आता कुणाचीच चाल बघवत नव्हती. बाजारात म्हातारी माणसं दिसली की ती त्यांच्या पायांकडं बघायची, दोन्ही हात हलतात का ते बघायची आणि मग स्वतःलाच वीट यायचा. आपणच तो प्रश्न विचारला नसता तर? पण मग अठरा फुटांवरचे माड तसेच वाढले असते, कुणाला न कळता. कळून वाढू देणं याहून वाईट होतं. कारण आता त्यात ती पण होती.

शनिवारी सकाळी आभाळ दक्षिणेकडून काळवंडून आलं. धर्माजी गड्याला घेऊन रस्त्यानं गेला, खांद्यावर कुदळी. आज त्यानं हाक मारली नाही, नुसता हसून हात केला. खालच्या तुकड्यात तो स्वतःच खड्डे घ्यायला निघाला होता आणि अंतर वरच्या वाडीवरून घेणार होता. तात्यांच्या खुणांवरून. भागोजीनं येऊन सांगितलं, "धर्माजी म्हनतो, तात्यांचे गुडघे दुकतात तर दुकूं देत, त्यांचा माप तर हाय माज्याकडं."

तात्या ते ऐकून उठले. दोनदा झोके घेतले, उभे राहिले. खुंटीकडं गेले. टोपी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि पुन्हा अडकवली.

दुपारी तिघं जेवायला बसली. आई तात्यांचा भात कालवून द्यायची हल्ली. मुगाची आमटी होती. कुमुदनं हात धुतला आणि ताटाशीच उभी राहिली, स्पर्धेत उभी राहायची तशी. फक्त या वेळी जीभ सुटेपर्यंत थांबायला वेळ नव्हता.

"आई, तात्या, मी ठरवलंय," ती म्हणाली. "मी आत्ताच्या आत्ता धर्माजीकाकांच्या वाडीत जातेय. त्यांचे खड्डे थांबवणार. दोरी आणि वही घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत त्यांच्यादेखत मोजणार. किती माड उचलायचे ते सांगणार आणि कशामुळं हे झालं ते आजाराचं नाव घेऊन सांगणार. गुडघ्याचं सांगणार नाही. त्यांनी शिव्या दिल्या तर ऐकून घेईन, गोदूबाई रडल्या तर तिथंच बसून राहीन. आई, तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. तात्या, तुम्ही येत असाल तर मी फाटकाशी थांबते, पाहिजे तेवढं थांबते. पण नाही आलात, तरी मी जाणार."